उतारा

‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’च्या ८८व्या खंडात, १९६६ साली, पान ३८८८ ते ३८९० असा एक छोटा शोधनिबंध छापलेला आहे. मजकूर जेमतेम तीन पानांचा, पण मथळा लांबलचक. त्याचा मराठीत आशय असा: वनस्पतींतली अर्बुदरोधक द्रव्ये, भाग पहिला, कॅम्प्टोथिका ॲक्युमिनाटा या झाडातल्या कॅम्प्टोथेसिन या नव्या अल्कलॉइडचं विलगीकरण आणि संरचना. मथळ्याखाली सहा नावं आहेत. पहिलं मन्रो वॉल यांचं, दुसरं एम. सी. वाणी यांचं.

हे दुसरं नाव आपल्या नंदुरबारचं. मनसुख वाणी १९२५ साली तिथे जन्मले, तेव्हा नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, पश्चिम खानदेशात मोडायचा. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. १९४७ची, एम.एस्सी. १९५०ची. पुढे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून १९६२ साली पीएच.डी. आणि त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू. शोधनिबंधात यातलं काही सापडणार नाही. तिथे माणसाचं गाव लिहायची पद्धत नाही, फक्त संस्थेचा पत्ता असतो.

मराठीत ‘उतारा’ या एका शब्दावर तीन कामं भागतात. तलाठ्याकडून आणतो तो सात-बाराचा उतारा म्हणजे कागद. साखर कारखाना हंगामात जाहीर करतो तो उसाचा उतारा म्हणजे आकडा. आणि विषावर देतात तो उतारा म्हणजे उपाय. वाणींच्या कामाचा माग काढायचा तर हे तिन्ही उतारे हाती घ्यावे लागतात. तिसऱ्याचं कौतुक भरपूर झालं आहे. पहिले दोन मात्र जोडीने फारसे वाचले गेलेले नाहीत.

कागदांपासून सुरुवात करू. ते दोन जातींचे आहेत. एक, त्या त्या वेळी छापलेले शोधनिबंध: १९६६चा कॅम्प्टोथेसिनवरचा आणि १९७१चा टॅक्सॉलवरचा. दुसरा, वॉल आणि वाणी यांनी ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात १९९५ साली लिहिलेला लेख. एका पुरस्कारानिमित्त दिलेलं ते व्याख्यान. त्यात दोन्ही शोधांची हकिकत पहिल्यापासून सांगितली आहे. पहिला साक्षीदार तुटक बोलतो, पण घटना ताजी असताना बोलतो. दुसरा सविस्तर बोलतो, पण तीस वर्षांनी आणि यश पदरात पडल्यावर. तेव्हा रसायनाच्या बाबतीत पहिल्याचं प्रमाण मानायचं, आणि झाड प्रयोगशाळेत कसं पोचलं हे दुसऱ्याला विचारायचं.

तर झाड पोचलं ते असं. १९५०च्या दशकात वॉल अमेरिकी कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत होते. कॉर्टिसोन बनवण्यासाठी स्टेरॉइडचा कच्चा माल कुठल्या वनस्पतीत मिळेल, हे शोधायचं काम तिथे चाललं होतं. त्यासाठी हजारो वनस्पतींचे अर्क काढून ठेवलेले होते. १९५७ साली राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे जोनाथन हार्टवेल तिथे आले, आणि त्यांच्या सांगण्यावरून वॉलनी एक हजार अर्क कर्करोगावरच्या चाचणीसाठी पाठवले. त्यांतला एक उंदरांच्या गाठींवर चांगलाच प्रभावी ठरला. तो होता कॅम्प्टोथिकाचा. झाड मूळचं चीनचं. कृषी खात्याने बाहेरच्या वनस्पती आणून वाढवण्यासाठी कॅलिफोर्नियातल्या चिको इथे जी बाग केली होती, तिथे ते उभं होतं.

म्हणजे शोध लागला तो दुसऱ्याच शोधाच्या अडगळीतून. कर्करोगाचं औषध शोधायला कोणी चिकोच्या बागेत गेलं नव्हतं. स्टेरॉइड सापडलं नाही म्हणून तो अर्क टाकून दिला असता, तर हा कागदच निघाला नसता. १९६० साली वॉल कृषी खातं सोडून रिसर्च ट्रँगलला आले. ती संस्था तेव्हा नुकतीच उभी राहिली होती. तिथे त्यांनी नैसर्गिक द्रव्यांची प्रयोगशाळा मांडली आणि कॅम्प्टोथिका पुन्हा हाती घेतलं. वाणी येऊन मिळाले ते या टप्प्यावर.

आता जरा प्रयोगशाळेत शिरू. समोर २० किलो वाळलेलं लाकूड आणि साल. आधी गरम हेप्टेनमध्ये उकळून मेण आणि चरबी काढून टाकायची. मग अल्कोहोलमध्ये अर्क उतरवायचा, तो आटवायचा आणि पाणी व क्लोरोफॉर्म यांत वाटायचा. हवं ते क्लोरोफॉर्ममध्ये आलं. पुढची पायरी क्रेगच्या वाटपयंत्राची: एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव काचेच्या नळ्यांत भरायचे, हलवायचे, निवळू द्यायचे, वरचा थर पुढच्या नळीत ढकलायचा, पुन्हा हलवायचं. दोन द्रव्यांपैकी एकाला वरचा थर किंचित जास्त आवडत असेल, तर अशा फेऱ्यांनी ती हळूहळू वेगळी होतात. सुपाने धान्य पाखडताना फोल पुढे सरकतं, त्यातलाच हा प्रकार. त्यानंतर सिलिका जेलचा स्तंभ, आणि शेवटी स्फटिक. कॅम्प्टोथेसिनची एक खूण डोळ्यांना दिसते: अतिनील दिव्याखाली ते लख्ख निळं चमकतं.

पण वाट दाखवली ती निळ्या चमकीने नव्हे, उंदरांनी. प्रत्येक टप्प्यावर जे भाग वेगळे होत, ते सगळे रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर तपासले जात. ज्या भागाने उंदीर जास्त दिवस जगले तो पुढे न्यायचा, बाकीचे बाजूला. आज वनस्पतिरसायनात ही रीत अंगवळणी पडली आहे. तेव्हा तिचा अर्थ असा होता की एकेका निकालासाठी आठवडेच्या आठवडे थांबायचं, आणि तोवर हातातल्या बाटल्यांपैकी कामाची कोणती, हे कोणालाच ठाऊक नसायचं.

शेवटी जे मिळालं त्याचं सूत्र असं: २० कार्बन, १६ हायड्रोजन, २ नायट्रोजन, ४ ऑक्सिजन. पाच वलयं एकमेकांना चिकटलेली, त्यांतलं टोकाचं वलय लॅक्टोनचं. संरचनेची खात्री क्ष-किरणांनी झाली, म्हणूनच यादीच्या शेवटी मॅकफेल आणि सिम ही दोन स्फटिकशास्त्रज्ञांची नावं आहेत. मथळ्यातल्या ‘भाग पहिला’ या शब्दांकडेही लक्ष द्यायला हवं. मालिका चालवायची हे लिहिणाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं.

टोकाच्या त्या लॅक्टोन वलयाने पुढे घात केला. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मग शिरेतून द्यायचं कसं? अल्कलीने ते वलय उघडलं की सोडियमचा क्षार होतो आणि तो विरघळतो. १९७०च्या आसपास रुग्णांवर जे प्रयोग झाले ते याच क्षाराचे. वलय उघडलं की गुण मात्र उतरतो. प्राण्यांवरच्या चाचण्यांत क्षाराची ताकद मूळ द्रव्याच्या दहाव्या हिश्शावर आल्याचं वॉल आणि वाणी यांनी नोंदवलं आहे. म्हणून मात्रा वाढवली गेली. पुढे मूत्राशयातल्या आम्लात वलय पुन्हा मिटायचं आणि झोपलेलं विष तिथे जागं व्हायचं. रुग्णांना लघवीतून रक्त जाऊ लागलं, रक्तपेशी घटल्या. १९७२पर्यंत प्रयोग आवरते घेतले गेले. औषध म्हणून कॅम्प्टोथेसिन संपल्यात जमा झालं.

त्याआधी, १९७१ साली, त्याच नियतकालिकाच्या ९३व्या खंडात दुसरा कागद छापून आला होता. मथळ्यात आता ‘भाग सहावा’ आहे. झाड टॅक्सस ब्रेव्हिफोलिया, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं यू. द्रव्य टॅक्सॉल. नावांचा क्रम मात्र बदलला आहे: पहिलं वाणी, मग टेलर, तिसरं वॉल, शेवटी कॉगन आणि मॅकफेल. संस्थेच्या अंतर्गत नोंदी हाताशी नसताना अशा क्रमावर फार मोठं अनुमान बांधू नये. पण विज्ञानाच्या कागदावर पहिलं नाव कोणाचं असतं हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. पाच वर्षांत दुसऱ्याचा पहिला झाला, एवढं तो कागद स्वतःच सांगतो.

यूची साल कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी ऑगस्ट १९६२मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या गिफर्ड पिंचॉट राष्ट्रीय वनातून गोळा केली होती. रिसर्च ट्रँगलमध्ये तिच्यावर काम सुरू झालं १९६४ला, शुद्ध द्रव्य हाती आलं १९६६ला, नाव पडलं १९६७ला आणि छपाई झाली १९७१ला. पाच वर्षं गेली ती संरचनेत: ४७ कार्बन, ५१ हायड्रोजन, १ नायट्रोजन, १४ ऑक्सिजन. एवढा अवजड रेणू क्ष-किरणांना सरळ दाद देईना. मग तो अलगद दोन भागांत तोडला, दोन्हींचे जड अणू असलेले स्फटिक केले, त्यांच्या संरचना वेगवेगळ्या काढल्या आणि तुकडे कागदावर पुन्हा जोडले.

आता दुसऱ्या उताऱ्याकडे, म्हणजे आकड्याकडे वळू. यूच्या १२ किलो वाळलेल्या मालातून क्रेगच्या तीन फेऱ्यांनंतर, ज्यांतली शेवटची ४०० नळ्यांची होती, टॅक्सॉल मिळालं ते अर्धा ग्रॅम. शेकडेवारी काढली तर ०.००४. आपल्याकडे उसाचा उतारा दहा-बारा टक्के धरतात आणि अर्धा टक्का घसरला तरी कारखान्याची सर्वसाधारण सभा गाजते. इथे शंभर किलो साल सोलली तर चार ग्रॅम. वाणींच्या साऱ्या कामात पुढचं भविष्य सांगणारा आकडा मला तरी हाच वाटतो. औषध कसं काम करतं ते ठाऊक नव्हतं, ते माणसाला चालेल का तेही ठाऊक नव्हतं. पण ते चाललंच तर झाडांचं काय होईल, हे या शेकडेवारीत लिहिलेलं होतं. चहाचा चमचाही न भरणाऱ्या त्या भुकटीमागे १२ किलोंचा ढीग होता, आणि एका रुग्णाचं अर्ध्या ग्रॅमवर भागत नाही.

झालंही तसंच. १९७९ साली सुझन हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टॅक्सॉल पेशीतल्या सूक्ष्मनलिका गोठवून टाकतं, त्या सुटतच नाहीत, आणि पेशीचं विभाजन अडतं. द्रव्याची मागणी वाढली आणि यूच्या साली सोलल्या जाऊ लागल्या. साल सोलली की झाड मरतं. वाढ इतकी संथ की शंभर वर्षांचा वृक्षही फार मोठा नसतो. १९९२ साली अमेरिकी संसदेला या एका झाडासाठी कायदा करावा लागला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात टॅक्सॉलला औषध म्हणून मान्यता मिळाली. सुटका केली ती पानांनी. युरोपातल्या यूच्या सुईसारख्या पानांत टॅक्सॉलचा अर्धा घडलेला सांगाडा भरपूर मिळतो, आणि पानं खुडली तरी झाड उभं राहतं. फ्रान्समध्ये पिअर पोटिए आणि अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांच्या कामामुळे त्या सांगाड्यापासून टॅक्सॉल करता येऊ लागलं.

तिसरा कागद आपल्या मुंबईचा. कॅम्प्टोथेसिनचे रुग्णांवरचे प्रयोग आवरत होते त्याच वर्षी, १९७२ साली, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी ‘फायटोकेमिस्ट्री’त एक निबंध छापला. विषय होता मॅपिया फीटिडा या झाडातली अल्कलॉइडं. त्यांना त्यात कॅम्प्टोथेसिन मिळालं आणि त्याचाच एक मेथॉक्सी भाऊही. चीनच्या झाडाशी या झाडाचं कूळही जुळत नाही, तरी रेणू तोच. नंदुरबारच्या माणसाने नॉर्थ कॅरोलायनात परक्या झाडातून जे वेगळं केलं, ते आपल्याच सह्याद्रीत उभं होतं, आणि मुंबई विद्यापीठाने त्याला पदवी दिली त्याच शहराच्या उपनगरात ते सापडलं.

पण मॅपिया फीटिडा म्हणजे कोणतं झाड? इथे कागद वाचणाऱ्याची परीक्षा होते. १८३९ साली मुंबईत जॉन ग्रॅहॅम यांची मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी छापली गेली. ग्रॅहॅम टपाल खात्यातले अधिकारी. छपाई चालू असतानाच ते खंडाळ्याला वारले आणि राहिलेलं काम त्यांचे स्नेही निम्मो यांनी पुरं केलं. त्या यादीत हे झाड प्रेम्ना निम्मोनियाना या नावाने आहे, म्हणजे ऐरणीच्या प्रजातीत घातलेलं. ते तिथलं नव्हतं. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी त्याला हलवलं आणि फुलांच्या दुर्गंधीवरून ‘फीटिडा’ म्हटलं. आणखी पुढे, जुनं नाव आधीचं या नियमाने निम्मो परत आले. आज त्याचं शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. मॅपिया शोधणाऱ्याला निम्मो सापडत नाही आणि निम्मो शोधणाऱ्याला गोरेगाव.

आपल्या माणसांनी मात्र वास घेऊन आधीच निकाल दिला होता. घाटात हे झाड घाणेरा, नरक्या. त्याच झाडाला अमृता असंही एक नाव मिळतं. गुळवेललाही अमृताच म्हणतात, तेव्हा कागदात हे नाव दिसलं तर आधी कोणती अमृता ते विचारावं. एकाच खोडाला नरक आणि अमृत अशी दोन नावं चिकटावीत, यावर वेगळं भाष्य नको.

बारा-तेरा वर्षं गोरेगावच्या या कागदाला फारसं मोल नव्हतं, कारण कॅम्प्टोथेसिनच निकालात निघालं होतं. १९८५ साली लिरॉय लिउ यांच्या गटाने त्याची करामत उलगडली. पेशीतल्या डीएनएचा पीळ फार घट्ट झाला की टोपोआयसोमरेज-१ हे विकर त्याची एक दोरी कापतं, पीळ सैल करतं आणि दोरी पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापलेल्या फटीत जाऊन बसतं, सांधा होऊच देत नाही. झपाट्याने दुप्पट होणाऱ्या पेशीत नक्कल करणारी यंत्रणा त्या फटीवर येऊन आदळते आणि दोन्ही दोऱ्या तुटतात. असं काम करणारं दुसरं औषध तोवर नव्हतं. मग पाण्यात विरघळणारे आणि वलय न उघडता देता येणारे त्याचे भाऊबंद घडवले गेले. १९९६च्या मे महिन्यात अमेरिकेत टोपोटेकनला मान्यता मिळाली, जूनमध्ये इरिनोटेकनला. जपानमध्ये इरिनोटेकन दोन वर्षं आधीच आलं होतं.

तेव्हा गोरेगावचा कागद जागा झाला. ही औषधं घडवायला मुळात कॅम्प्टोथेसिन लागतं, आणि नरक्यात ते चिनी झाडापेक्षा बरंच जास्त असल्याचं मोजण्यांतून दिसलं होतं. १९९०च्या दशकापासून सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गातल्या जंगलातून नरक्या तोडून, चिपट्या करून परदेशी जाऊ लागला. ज्या झाडाकडे वासामुळे कोणी फिरकत नव्हतं, ते वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर ‘तस्करी’ या शब्दाशेजारी छापलं जाऊ लागलं. नरक्या बुंध्यापासून पुन्हा फुटतो, पण मुळासकट उपटला तर फुटायला काही उरत नाही. २००५ साली जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी नरक्याच्याच आत राहणारी, कॅम्प्टोथेसिन करणारी एक बुरशी नोंदवली. झाड न तोडता औषध मिळण्याची ही एक वाट, पण तेवढ्याने तोड थांबली नाही.

वाणींच्या नावामागे पुढे मानमरातब जमले. २००० साली वॉल यांच्यासह केटरिंग पुरस्कार, आणि २००३ साली अमेरिकन केमिकल सोसायटीने या दोन शोधांची ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंद केली. वॉल त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. वाणी एप्रिल २०२०मध्ये गेले.

हे सगळे कागद पुन्हा एकदा ओळीने मांडले, की एक गोष्ट ध्यानात येते. १९६६च्या कामामागे २० किलो, टॅक्सॉलच्या कामामागे १२ किलो. पुढच्या व्यापारात टन, आणि जंगलात पकडलेल्या मालाच्या बातमीत पुन्हा किलो नाहीतर पोती. वजन आपण काटेकोर लिहितो, अगदी अर्ध्या ग्रॅमपर्यंत. त्या वजनामागे झाडं किती होती, हा रकाना शोधनिबंधात नसतो, बातमीतही नसतो. सात-बाराच्या उताऱ्यावर बांधावरचा आंबा, फणस मोजून लिहायची जागा आहे. औषधाचा उतारा लिहिताना तशी एक ओळ असती, तर १९७२च्या कागदावरच नरक्याचा पुढचा हिशेब वाचता आला असता.